नऊ एप्रिलचं पान

११ नोव्हेंबर

तुला,

आज सकाळी सव्वाअकरा वाजता मी ‘बरोबर’ म्हणालो आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं. हसू नकोस. आणि वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही, तेही बघ. सहा महिन्यांत तेवढी तरी अक्कल आलीय.

पत्र वसतिगृहाच्या पत्त्यावर टाकतोय. न फोडता परत पाठवलंस तरी चालेल. पण फोडलंसच तर शेवटपर्यंत वाच. मला नोकरी लागलीय, आणि ती वाचायचीच आहे. चेष्टा नाही. अंध लोकांसाठी पुस्तकं काढणारा एक छापखाना आहे, सायकलवाल्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. तिथे मी दिवसभर मोठ्याने वाचतो आणि ताई ऐकून यंत्रावर ठिपके उठवतात. ताई माझ्या आईपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. जन्मापासून दिसत नाही. यंत्राला कळा सहाच, आणि त्या सहांत सगळी बाराखडी बसते. ठिपके थेट जस्ताच्या पत्र्यावर उठतात, आणि त्या पत्र्यावरून जाड कागदावर छपाई होते. पान झालं की ताई पत्र्यावर बोटं फिरवत ते मला वाचून दाखवतात, मी पुस्तकात बघतो, आणि चूक नसेल तर म्हणतो, ‘बरोबर.’ की पत्रा चालला छपाईला. पुढे कोणी तपासत नाही. व्यवस्थापक साहेबांना डोळे आहेत, पण ठिपके वाचता येत नाहीत. म्हणजे पुस्तकात आहे तेच पत्र्यावर आहे का, हे सांगणारा अख्ख्या छापखान्यात मी एकटा.

पहिल्या दिवशी ताई म्हणाल्या, ‘तुम्ही वाचता की भांडता हो?’ दुसऱ्या दिवसापासून मी ‘वाचनराव’ झालो. ‘वाचनराव, आज नाकातून का येताय? सर्दी, की परत त्या मुलीची आठवण?’ असं त्यांचं चालू असतं. तुझ्याबद्दल त्यांना सगळं सांगून झालंय. नको तेवढं.

सध्याचं पुस्तक म्हणजे रोजच्या प्रार्थना. वर्षाच्या प्रत्येक तारखेला एक. त्याच दोन गोष्टी फिरवून फिरवून: देवा, काल सांभाळलंस, आभार, देवा, आजही जवळ राहा. मी वैतागून म्हटलं, ‘ताई, देवाला कंटाळा येत नसेल?’ तर म्हणाल्या, ‘तुमचं एका मुलीचं पुराण रोज ऐकते. मी कंटाळले का?’

आज नऊ एप्रिलचं पान होतं. ‘ज्यांच्यापासून आम्ही दुरावलो आहोत, त्यांचीही काळजी तूच घेतोस’ असं त्यात आलं, आणि मला कॉलेजच्या फाटकाजवळचा तो दिवस आठवला. तुझ्या चुलतभावाला मी थोबाडीत मारली तो. तू त्याच्या मोटारसायकलवर मागे बसली होतीस. तो तुझा भाऊ आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. तू एवढंच म्हणालीस, ‘माणसाला आधी विचारतात.’ प्राचार्यांनी माफीचं पत्र लिहून दे म्हटलं, तर मी कोरा कागद त्यांच्या टेबलावर आपटला आणि कॉलेजच सोडून आलो. बाबा तेव्हापासून माझ्याशी आईमार्फत बोलतात: ‘तुझ्या चिरंजीवांना सांग, पंखा बंद कर.’

तर ते पान वाचता वाचता मी पुस्तकात नसलेली एक ओळ वाचली. ‘देवा, तिला माझी आठवण दे.’ आपोआप तोंडातून गेलं म्हटलं तर खोटं होईल.

ताईंची बोटं थांबली. ‘हे आहे त्यात?’

‘आहे.’

कळा वाजल्या. पान पुरं झाल्यावर त्यांनी बोटांनी सगळं वाचून दाखवलं, माझी ओळसुद्धा, आणि मी म्हणालो, ‘बरोबर.’ आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे काही मागितलं, आणि तेही असं की दर नऊ एप्रिलला हे पुस्तक घेणारी चौऱ्याऐंशी माणसं माझ्या वतीने मागतील. एवढ्या लोकांचं तरी तो ऐकेल.

ओळ थोडी पुढेही होती. ते काही महत्त्वाचं नाही.

— तोच

४ डिसेंबर

तुला,

पत्र परत आलं नाही. म्हणजे एक तर तू वाचलंस, नाहीतर तुमच्याकडचा पोस्टमन आळशी आहे.

मला ठिपके वाचता येऊ लागलेत. बोटांनी नाही, डोळ्यांनी. भिंतीवर तक्ता आहे, तो बघून पंधरा दिवसांत जमलं. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, ‘डोळ्यांनी वाचताय? म्हणजे कानाने जेवण्यासारखं.’ पण खूश झाल्या.

तर ऐक. रोज सकाळी पत्रा चढवायच्या आधी ताई यंत्रात एक साधा कागद घालतात आणि दोन-तीन ओळी मारतात. सगळ्या कळा नीट उठतात का, ते बघायला. यंत्रावर बसणारे सगळेच तसं करतात, बहुतेक जण अ आ इ ई मारतात म्हणे. वर तारीख टाकायची, खाली काहीतरी मारायचं, कागद बाजूला. नंतर त्या कागदांत पुस्तकांचे गठ्ठे बांधतात. परवा मी गठ्ठा बांधत होतो आणि सहज नजर गेली.

‘३ ऑक्टोबर. काल जिन्यातला दिवा गेला आणि सगळे चाचपडायला लागले. मीच हात धरून उतरवलं. मजा आली. आभार.’

‘१७ ऑक्टोबर. काल चहात साखर घालायला विसरले. तसाच प्यायला, आणि बरा लागला. आभार.’

गठ्ठा बाजूला ठेवला आणि खाली बसून एकेक काढत गेलो. एकही दिवस रिकामा नाही. कधी पायरी चुकली पण पडले नाही, कधी बहिणीचा फोन आला, कधी रस्ता ओलांडताना कोणीतरी न विचारता दंड पकडून ओढलं, त्याचा राग आला, पण त्याचा हेतू चांगला होता, आभार. आणि मग हा:

‘२९ ऑक्टोबर. काल वाचनराव तीनदा चिडले, पण ओरडले एकदाच. आभार. आज त्यांना पोटभर जेवू दे, डबा तसाच परत नेतात.’

माझ्याबद्दल देवाशी कोणी बरं बोलत असेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. बाबांनी प्राचार्यांसमोर हात जोडले होते, पण ते माझ्याबद्दल बरं बोलायला नव्हते. मी तिथेच सुतळी हातात धरून बसून राहिलो. खालच्या दुकानात कोणीतरी चाकात हवा भरत होतं, त्याचा आवाज येत होता.

उठलो आणि तडक बांधणीच्या खोलीत गेलो. म्हटलं, नऊ एप्रिलचं पान काढून घेऊ, काहीतरी सबब सांगू. तर जानेवारी ते एप्रिलचा पहिला खंड शिवून, पुठ्ठे चढवून तयार. चौऱ्याऐंशी प्रती, विटांसारख्या रचलेल्या. बांधणीवाला म्हणाला, ‘काय रे, काय राहिलं?’ मी म्हणालो, ‘काही नाही.’

ताईंना सांगायला परत वर गेलो. दारात पोचायच्या आत त्यांनी पावलांवरून ओळखलं. ‘या वाचनराव, जून लागला आपला.’

मी जून वाचायला बसलो.

नोव्हेंबरपासूनचे कागद मला मिळाले नाहीत. साहेब ते हल्ली स्वतःच्या कपाटात ठेवतात. जाड असतात, म्हणून फायलींमध्ये पुठ्ठ्यासारखे घालतात.

— तोच

१० एप्रिल

तुला,

काल नऊ एप्रिल होती.

आता पूर्ण ओळ लिहितो. नोव्हेंबरात तुझ्यापासून अर्धी लपवली होती. ‘देवा, तिला माझी आठवण दे, आणि तो मोटारसायकलवाला एकदा पडू दे, हाडं न मोडता, पण लोकांसमोर.’

हो, तो तुझा भाऊ आहे हे कळल्यानंतर सहा महिन्यांनी. मार खाऊन तो हसला होता आणि तू त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिलीस, ते मला गिळता आलं नव्हतं. ‘हाडं न मोडता’ हे मी दयेपोटी घातलं होतं. वाचताना मला वाटलं होतं, मी किती मोठ्या मनाचा.

सकाळी नऊला पहिला फोन. निवृत्त झालेले गाण्याचे मास्तर. ‘आजची प्रार्थना मी दोनदा वाचली. त्यातला मोटारसायकलवाला कोण?’ साहेबांना वाटलं, मास्तरांचं वय झालं. मग दुसरा फोन. मग तिसरा. दुपारी एक बाई फोनवर विचारत होत्या, ‘मी मनापासून मागितलंय. पडला का तो? फार लागलं तर नाही ना?’

साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. पुस्तक उघडलं, नऊ एप्रिल काढली, मोटारसायकल कुठेच नाही. ‘यंत्रावर बोटं कोणाची?’

ताई म्हणाल्या, ‘माझी.’

‘आणि तू काय वाचलंस रे?’

मी म्हणालो, ‘पुस्तकात आहे ते.’

असं. लिहून झालं.  तेव्हा बोललोही सहज, तेच जास्त वाईट.

ताईंनी फक्त माझ्या आवाजाकडे मान वळवली. साहेबांना कोणीतरी सांगितलं की या रोज सकाळी मनाचं काहीतरी मारत बसतात. त्यांनी कपाट उघडून फायलींतले कागद उपसले. ‘बावीस वर्षं झाली म्हणून लाड चालवून घेतले. उद्या विश्वस्तांसमोर काय ते होऊ दे.’ सगळ्यांना वाटतंय, बाईंच्या डोक्यात प्रार्थना गेल्या आणि त्यांनी स्वतःची घुसडली. विश्वस्त आज चारला येणार. ताईंना घरी बसवतील. त्यांचं दुसरं कोणी नाही आणि दुसरं काम नाही. त्या बोटांना तेवढंच येतं, आणि त्यांच्यासारखं ते कोणालाच येत नाही.

आणि ते कागद विश्वस्तांना मोठ्याने वाचून दाखवायचं काम कोणावर आलंय? साहेबांना ठिपके येत नाहीत. मला येतात.

दीड वाजलाय. डबा समोर आहे, उघडला नाही. तू म्हणाली होतीस, मी आधी हात उचलतो आणि मग विचार करतो. आज हात उचलायचा नाहीये, नुसतं तोंड उघडायचंय, आणि तेच होत नाही.

— तोच

११ एप्रिल

तुला,

सांगतो. मधे थांबवू नकोस.

दोन विश्वस्त, साहेब, ताई आणि मी. ताई खुर्चीत ताठ बसलेल्या, हात मांडीवर. साहेबांनी गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. ‘वाच. काय काय मारलंय ते कळू दे यांना.’

वरचाच कागद उचलला. मला खोटं वाचता आलं असतं. ठिपके कळणारे तिथे आम्ही दोघंच होतो, आणि कागद माझ्या हातात होता. अ आ इ ई म्हणालो असतो तरी खपलं असतं.

‘१२ नोव्हेंबर. काल पुस्तकाबाहेरची एक ओळ आली असं वाटतं. मी विचारलं, तो आहे म्हणाला. अजून तरी मला त्याच्या शब्दाचा आधार वाटतो, त्याबद्दल आभार. त्याला खरं बोलायचं बळ दे. घाई नाही.’

एक विश्वस्त म्हणाले, ‘पुढे.’

‘१३ नोव्हेंबर. काल बहिणीने स्वेटर पाठवला. रंग मऊ आहे म्हणाली. आभार. वाचणाऱ्याला बळ दे. घाई नाही.’

‘१४ नोव्हेंबर. काल गुडघा कमी दुखला. आभार. वाचणाऱ्याला बळ दे. घाई नाही.’

मग मधले कागद नुसते नजरेखालून घालत पुढे गेलो. डिसेंबर. जानेवारी. वरची ओळ रोज वेगळी, खालची तीच. दोन डिसेंबरलाही होती. ज्या दिवशी मी दारापर्यंत जाऊन जून वाचायला बसलो, त्या दिवशी सकाळीच त्यांनी ते मागितलं होतं. पाच महिने, एक दिवस न चुकता. मी त्या काळात देवाकडे एकदाच काही मागितलं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या बोटांनी.

चौदा कागद मोठ्याने वाचले. पंधरावा वाचताच येईना. अक्षरं ओळखीची होती, डोळे भरले होते. मी म्हणालो, ‘ती ओळ माझी आहे. पुस्तकात नव्हती. ताईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, काल साहेबांनी विचारलं तेव्हाही खोटं बोललो.’

 मग साहेबांचा चेहरा असा झाला, जणू त्यांनीच मोटारसायकल चालवली होती. धाकटे विश्वस्त ताईंकडे वळले. ‘बाई, तुम्हाला शंका होती तर बोलला का नाहीत?’

‘माझं चुकलं,’ ताई म्हणाल्या. ‘साहेबांना सांगायला हवं होतं. पण त्या खोलीत डोळे म्हणून मला हाच दिलाय तुम्ही. त्याने एकदा आहे म्हटल्यावर मी वरून दुसरा साक्षीदार कुठून आणू? शंका होती, म्हणून ज्याला आतलं दिसतं त्याला रोज सांगत होते.’ मग जरा थांबून हसल्या. ‘आता पंचाईत झाली. उद्यापासून काय मागू?’

म्हातारे विश्वस्त खो खो हसले. आणि मी, काय सांगू, एवढा रडलो की साहेबांनी स्वतःच्या ग्लासातलं पाणी दिलं.

निकाल असा: ताई आपल्या जागेवर. माझं वाचणं बंद. चौऱ्याऐंशी घरी मी स्वतः जायचं, काय केलं ते सांगायचं आणि ती ओळ मोडायची. ठिपके हाडाच्या पट्टीने घासून सपाट करता येतात. सगळी झाली की मग माझं काय करायचं ते बघू. साहेब नवा वाचणारा शोधू म्हणाले, तर ताई म्हणाल्या, ‘थांबते मी. मला हाच हवा. आता याच्याइतकं जपून ‘बरोबर’ दुसरं कोण म्हणेल?’

खाली उतरताना जिन्यात मी त्यांना विचारलं, ‘ताई, एवढे दिवस मागून मिळालं नसतं तर?’

‘रोज मिळतच होतं की. तुम्ही रोज कामाला येत होता. पळून गेला नाहीत.’

— तोच

२ मे

तुला,

एकसष्ट घरं झाली. तेवीस उरली.

दारात म्हणायचं वाक्य एकच: ‘नऊ एप्रिलची चूक माझी.’ पहिल्या घरी अर्ध्यावर तोडलं आणि परत म्हणालो. दहाव्या घरापर्यंत कान लाल व्हायचे. आता सरळ येतं. बहुतेक लोक हसतात. एका आजोबांनी पुस्तक हातात द्यायच्या आधी पाऊण तास झापलं, आणि शेवटी चहा पाजला. एका बाईंनी पान माझ्यासमोर स्वतःच घासलं. म्हणाल्या, तुझ्या हातावर माझा विश्वास नाही. बरोबर आहे त्यांचं.

गाण्याच्या मास्तरांकडे मात्र वेगळंच झालं. ते म्हणाले, ‘मोटारसायकल काढ. आधीचं राहू दे.’

‘मास्तर, तेही पुस्तकातलं नाही. ते माझं आहे.’

‘तुझं होतं.’ आतल्या खोलीत त्यांच्या बायको पलंगावर बसल्या होत्या. चांगल्या धडधाकट, केस नीट विंचरलेले. मला म्हणाल्या, ‘हे गाणारे गृहस्थ रोज येतात बरं का. स्वभावाने चांगले आहेत.’ चव्वेचाळीस वर्षांचा संसार, आणि गेल्या वर्षापासून त्यांना मास्तर ओळखू येत नाहीत. मास्तर रोज त्यांच्या उशाशी बसतात, ‘तिला माझी आठवण दे’ एवढ्यावर बोट ठेवतात, मग गातात. मी विचारलं, ‘आठवण आली का कधी?’ ते म्हणाले, ‘नाही. पण माझं गाणं आवडतं तिला. काल तिने सम बरोबर धरली. आज त्याचे आभार मानले. आठवण उद्या परत मागेन.’

मी त्यांच्या पानावरची अर्धीच ओळ मोडली. साहेबांना सांगितलंय. लपवलं नाही.

तुझ्या भावाकडेही गेलो होतो, परवा, त्याच्या कामाच्या ठिकाणी. यादीत नव्हतं, पण गेलो. तो गाडी पुसत होता. मी म्हणालो, तुला मारलं ती माझी चूक, आणि नंतर जे मागितलं तीही. सगळं सांगितलं. तो फडकं खांद्यावर टाकून ऐकत राहिला, मग म्हणाला, ‘चौऱ्याऐंशी जणांनी मागितलं आणि मी अजून एकदाही पडलो नाही. देवाला तुझ्यापेक्षा अक्कल आहे म्हणायची.’ आणि तेच हसू हसला. गंमत म्हणजे मला ते आवडलं. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा, जे दिलं नाहीस त्याबद्दल आभार, असं म्हणालो.

हल्ली मी रोज म्हणतो. कागद नाही, यंत्र नाही, बस थांब्यावर उभ्या उभ्या. काल काय सांभाळलं गेलं ते आधी आठवायचं. सुरुवातीला काहीच आठवायचं नाही. मग एकदा ध्यानात आलं, कॉलेजच्या फाटकाशी माझ्या हातात त्या दिवशी वही होती, दगड नव्हता. त्यानंतर आठवायला अडचण पडत नाही. मागायचं मात्र ताईंसारखं जमत नाही, मी अजून भराभर मागतो. ‘घाई नाही’ म्हणायला शिकतोय.

तुझ्याबद्दलही बोलतो, खोटं कशाला सांगू. पण ती ओळ आता अशी आहे: ती जिथे असेल तिथे तिला सांभाळ. त्यात मी नाही. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा छातीत दुखलं. आता दुखतं, पण श्वासही पुरा जातो. तुझी परीक्षा जवळ आली असेल. हे पत्र अभ्यासाच्या आड आलं तर बाजूला ठेव. उत्तर मागत नाही. राग आहे तेवढा राहू दे, तो तुझा आहे, मी त्यावर पट्टी घासायला येणार नाही.

आज चार घरं. पहिलं नदीपलीकडे, तिथल्या काकू नऊ वाजता शिकवणीला निघतात म्हणून आधी गाठायचंय. पट्टी घेतली, यादी घेतली, आईने डबा दिलाय. कागद दाराला टेकवून हे शेवटचं उभ्यानेच लिहितोय, म्हणून अक्षर असं. बाहेर ऊन चांगलं पडलंय. देवा, कालचा दिवस सांभाळलास, आभार. आज जे कोणी दार उघडेल, त्याच्यासमोर मला खरं बोलू दे.

निघालो. दार ओढून घेतो.